तीन दहाचा आकडा

पट्टा मनगटाला. दर अर्ध्या तासाने
तो आपण होऊन फुगतो, आवळतो, सोडतो.
सुरुवातीला बाबा दचकून उठायचे,
"कोण हात धरता माझो?"
आता उठत नाहीत.
अंधारात बारीक घरघर येते,
लांबच्या एखाद्या होडीच्या यंत्रासारखी,
आणि आम्ही दोघी, मी पडवीत, आई त्यांच्या शेजारी,
ती थांबेपर्यंत हलत नाही.

वासू मेस्त्री.
देवगड बंदरातली निम्मी इंजिनं ह्या हातांनी उघडलेली.
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लोखंडाला, मूठ कानाला,
डोळे मिटून सांगायचे,
"तिसऱ्या सिलिंडरात गडबड आसा."

बांबोळीच्या डॉक्टरांनी पडद्यावर त्यांचंच हृदय दाखवलं.
पंपिंग तीस टक्के.
बाबांनी चष्मा पुसला. बराच वेळ बघत राहिले,
मग म्हणाले,
"चालता मा पण? मगे खोलू नकात."

मीठ बंद.
मिठमुंबरीत, गावाच्या नावातच मीठ, तिथे मीठ बंद.
खारो बांगडो बंद, सुकट बंद,
पेजेबरोबरची लोणच्याची फोड बंद.
पाणी दीड लिटर, खूण केलेल्या बाटलीतून.
सकाळी उठून काट्यावर उभं राहायचं.
"किती भरले?" आई विचारते,
लिलावात सुरमई विचारतात तसं.
मी पायावर अंगठा दाबते, उचलते,
खळगा भरेपर्यंत मनात मोजते.
चार. पाच.
कधी नऊ.

घरात रेंज नाही.
मोबाईलमध्ये रात्र नुसती साठून राहते.
ती घेऊन मी सडा चढते,
गिरकरांच्या कलमांच्या गडग्यापलीकडे,
कातळावर, जिथे दोन काड्या येतात.
एक गोल फिरतो, फिरतच राहतो,
आणि बाबांची रात्र निघून जाते बांबोळीला.
कधी फिलोमिना सिस्टरचा फोन: पाण्याची गोळी अर्धी वाढव.
बहुतेक वेळा काहीच नाही.
ते काहीच नसणं घेऊन मी उतरते,
काठोकाठ कळशीसारखं, न हिंदकळवता.

मार्गशीर्षातल्या एका शुक्रवारी फोन आला.
"काल रात्री फार छान हां बाबांचं!
एकशे अठरा, शहात्तर. असंच राहू दे.
फक्त तीन दहाला नाडी शहाण्णव कशी?
स्वप्न पडलं असेल."

मी कातळावर बसले.
चार महिने झाले,
बाबांचा वरचा आकडा नव्वदीच्या आसपास रेंगाळतो.

घरी आले तर बाबा खळ्यात, बोटं मागे लपवून.
बोटांना भाजलेल्या खाऱ्या बांगड्याचा वास.
आई चुलीपाशी, पाठमोरी,
आणि पट्टा तिच्या मनगटावर,
हिरव्या बांगड्या कोपराकडे सारून.
"एक रात जरा," बाबा म्हणाले,
"तुझ्या आवशीक म्हटलंय, तू घाल. यंत्राक काय कळता?"

मी आकडे खाली सरकवत गेले.
एक दहाला अठ्ठ्याऐंशी.
दोन दहाला ब्याण्णव.
तीन दहाला शहाण्णव.
आईला डोळा लागलाच नव्हता.
शेजारच्या माणसाचा श्वास ऐकत पडलेली ती,
ज्याच्या हाताला त्या रात्री
काहीच बांधलेलं नव्हतं.

मी मोबाईल बाबांपुढे धरला. काही बोलले नाही.
त्यांनी चष्मा शोधला,
तिन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं,
मग चुलीपाशी गेले, आईचा हात ओढून घेतला,
पट्टा सोडवला
आणि स्वतःच्या मनगटाला बांधला,
एक भोक जास्त आवळून.
आई म्हणाली, "भाकरी करपता, हात सोडा."

मी पुन्हा सडा चढले, एका दिवसात दुसऱ्यांदा.
सिस्टरला म्हटलं, कालचे आकडे खोडा,
ते बाबांचे नव्हते.
"मग कोणाचे?"
वारा फार होता. दोनदा सांगावं लागलं:
घरातलेच.